ज्यूकबॉक्सवाल्यांची कार्बाइन : ‘मूळ’ भाग बसवायचे की नाही? एक प्रकरण अभ्यास

प्रकरणाची ओळख

हे प्रकरण अमेरिकेतील ओहायो राज्यातले आहे. एका जुन्या कार्बाइनचे दिवंगत मालक, त्यांची पत्नी, मुलगी आणि नातू यांची नावे, गाव आणि शस्त्राचा क्रमांक येथे दिलेला नाही. मी स्वतः पुण्यात यंत्र अभियांत्रिकी शिकून डेटन परिसरात आलो आणि वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात २७ वर्षे गुणवत्ता नियंत्रणाचे काम केले. कार्बाइनचे हे मालक त्याच कारखान्याच्या टूलरूममध्ये माझे वरिष्ठ होते. त्यांच्या निधनानंतर कुटुंबाने मला बोलावले ते मी शस्त्रांचा व्यापारी आहे म्हणून नव्हे, तर भागांवरच्या खुणा वाचण्याची मला सवय आहे म्हणून.

वस्तू होती दुसऱ्या महायुद्धातली एक एम-१ कार्बाइन, म्हणजे आखूड, हलकी रायफल, आणि तिच्या रिसीव्हरवर, म्हणजे नळी ज्यात बसते त्या मुख्य धातूच्या भागावर, नाव होते रॉक-ओला. शिकागोची ही कंपनी ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणे टाकून गाणे वाजवायचे यंत्र, बनवत असे. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत ज्यांनी नाणे टाकून गाणी ऐकली आहेत त्यांना ते यंत्र नीट आठवेल. हे नाव रॉक संगीतावरून आले असावे असे अनेकांना वाटते, पण ते संस्थापक डेव्हिड रॉकोला यांच्या आडनावावरून आलेले आहे आणि त्या संगीतप्रकारापेक्षा जुने आहे.

पार्श्वभूमी

बंदुका न बनवणाऱ्या कंपन्यांनी या शस्त्राला हात का घातला हे समजल्याशिवाय पुढचा पेच कळणार नाही, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

अमेरिकी सैन्याला पिस्तुलापेक्षा लांब पल्ल्याचे, पण साडेनऊ पौंडांच्या गॅरंड रायफलीपेक्षा बरेच हलके शस्त्र हवे होते. तोफखान्यातले, संदेश यंत्रणेतले, वाहने चालवणारे असे जे सैनिक दुसऱ्या कामात गुंतलेले असतात त्यांच्यासाठी ते होते. विंचेस्टर कंपनीचा नमुना ऑक्टोबर १९४१ मध्ये स्वीकारला गेला. त्याचे वजन सव्वापाच पौंडांच्या आसपास आणि मॅगझिनमध्ये १५ गोळ्या. डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि गरज झपाट्याने वाढली. बंदुकांचे जुने कारखाने गॅरंड आणि इतर कामांत बुडालेले होते. दुसरीकडे १९४२ मध्ये सरकारने टाइपरायटर, ज्यूकबॉक्स यांसारख्या नागरी वस्तूंच्या उत्पादनाला लगाम घातल्यामुळे चांगली यंत्रे आणि कसलेले कामगार रिकामे होऊ लागले होते. या दोन गोष्टींची सांगड घालून कंत्राटे दिली गेली.

त्यामुळे कार्बाइनच्या मुख्य कंत्राटदारांत बंदुका बनवणारी प्रस्थापित कंपनी एकच होती, ती विंचेस्टर. बाकीच्यांत जनरल मोटर्सचा डेटन येथील इनलँड विभाग होता, जो एरवी मोटारींची स्टिअरिंग व्हील बनवत असे. अंडरवुड टाइपरायटर बनवणारी होती, सॅजिनॉ स्टिअरिंग गिअर बनवणारी, नॅशनल पोस्टल मीटर टपाल-शुल्काची यंत्रे बनवणारी. आयबीएम होती, शिकागोची क्वालिटी हार्डवेअर होती, आणि रॉक-ओला होती. १९४२ ते १९४५ या काळात सर्वांनी मिळून ६० लाखांहून अधिक कार्बाइन बनवल्या. त्यांतल्या एकट्या इनलँडच्या सुमारे २६ लाख आणि रॉक-ओलाच्या सुमारे २,२८,५०० होत्या. मोठ्या कंत्राटदारांत हा आकडा सर्वांत लहान आहे, आणि संग्राहक या नावामागे धावतात त्याचे निम्मे कारण हेच आहे. उरलेले निम्मे कारण ज्यूकबॉक्स.

इथे एका अपयशाचा उल्लेख केलाच पाहिजे. ग्रँड रॅपिड्स येथे एका फर्निचर कंपनीने जॉन पेडरसन या नामवंत शस्त्र-रचनाकाराला हाताशी धरून अर्विन-पेडरसन नावाने कार्बाइन बनवायला घेतली. सगळ्या नवख्या कंत्राटदारांत शस्त्राचा खरा जाणकार याच कंपनीकडे होता, तरीही त्यांची एकही कार्बाइन सरकारने स्वीकारली नाही. १९४३ मध्ये ते कंत्राट काढून सॅजिनॉकडे देण्यात आले आणि स्टिअरिंग गिअर बनवणाऱ्यांनी तोच कारखाना चालवून दाखवला. मी उभी हयात कारखान्यात काढली असल्यामुळे मला याचे नवल वाटत नाही. त्या वेळी प्रश्न उत्तम बंदूक घडवण्याचा नव्हता. एकच भाग दहा हजार वेळा, ठरलेल्या मापाच्या हद्दीत, पुन्हा पुन्हा तसाच काढण्याचा होता, आणि ती विद्या टाइपरायटरवाल्यांकडे भरपूर होती.

हे जमावे म्हणून कंत्राटदारांची एक संयुक्त समिती होती. एखाद्याकडे नळ्या जास्त झाल्या आणि दुसऱ्याकडे कमी पडल्या, तर त्या इकडून तिकडे पाठवल्या जात. क्वालिटी हार्डवेअर तर स्वतः नळ्या बनवतच नसे आणि पूर्णपणे इतरांच्या नळ्यांवर अवलंबून होती. भाग कोणाचा हे कळावे म्हणून त्यावर अक्षरे ठोकलेली असत आणि त्यांतले शेवटचे अक्षर बहुधा मुख्य कंत्राटदाराचे असे. इनलँडचे आय, विंचेस्टरचे डब्ल्यू, अंडरवुडचे यू, क्वालिटीचे क्यू, आयबीएमचे बी, रॉक-ओलाचे आर. म्हणजे कारखान्यातून नवी कोरी बाहेर पडणारी कार्बाइनसुद्धा अनेकदा मिश्र भागांची असे.

युद्ध संपल्यावर ही मिसळ आणखी वाढली. सैन्याच्या शस्त्रागारांत कार्बाइन संपूर्ण खोलून, भाग धुऊन, तपासून पुन्हा जोडल्या गेल्या. कोणता भाग कोणाचा याकडे तेथे कोणी पाहिले नाही, आणि पाहण्याची गरजही नव्हती. त्याच वेळी सुधारणाही झाल्या. नेम धरायच्या, उघडझाप करणाऱ्या दोन पातळ्यांच्या साध्या मागच्या साइटऐवजी बाजूला आणि वरखाली सरकणारी साइट आली. नळीवरच्या पट्ट्याला संगीन अडकवायची बैठक आली. दाबायच्या बटणाऐवजी फिरवायचा सेफ्टी खटका आला, कारण घाईत सैनिक सेफ्टी समजून शेजारचे मॅगझिन सोडायचे बटण दाबत असत आणि मॅगझिन खाली पडे.

मालकांनी ही कार्बाइन १९६३ मध्ये घेतली. त्या काळी सरकार नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेच्या सभासदांना जादा साठ्यातल्या कार्बाइन २० डॉलरला विकत होते. घरपोच आलेल्या पार्सलची क्रमांकासहित पावती त्यांनी जपून ठेवली होती.

अडचण

मालक गेल्यावर कार्बाइन मुलीकडे वारशाने आली. ती शेजारच्या राज्यात राहते, तिच्या घरात लहान मुले आहेत आणि शस्त्र ठेवण्याची तिची इच्छा नव्हती. आईच्या घराच्या छपराचे काम निघाले होते, त्याला पैसे हवे होते. तिने एका व्यापाऱ्याला कार्बाइन दाखवली. त्याने रिसीव्हरवरचे नाव पाहून आहे त्या स्थितीत ९०० डॉलर देऊ केले, आणि वर सांगितले की दस्ता, नळीवरचा पट्टा, साइट, बोल्ट, चापाची पेटी असे भाग बदलून रॉक-ओलाचे बसवले तर हीच वस्तू १,७०० डॉलरपर्यंत जाईल. ते काम करून देण्याची त्याची तयारी होती.

नातू १९ वर्षांचा, हौशी आणि कामसू. त्याने हे ऐकले आणि दोन गोष्टी लगोलग केल्या. एक म्हणजे, दस्ता ‘स्वच्छ’ करण्यासाठी तारेची घासणी आणि जवसाचे तेल घेऊन तो एक संध्याकाळ बसला. दुसरी म्हणजे, एका शस्त्रप्रदर्शनातल्या विक्रेत्याकडे रॉक-ओलाची खूण असलेला दस्ता हेरून ८० डॉलर विसार दिला. मला फोन आला तो यानंतर.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुन्या चादरीवर कार्बाइन ठेवलेली होती. ती रिकामी असल्याची खात्री करून घेऊन आम्ही ती उजेडाला धरली. मागच्या साइटच्या बुडाखाली कारखान्याचे नाव अर्धवट झाकले गेले होते. अक्षरांची खालची कडा तेवढी तिरप्या उजेडात दिसत होती, आणि तिच्या मागे क्रमांक स्वच्छ होता. नळीवर समोरच्या साइटच्या मागे अंडरवुडचे नाव आणि २-४३ ही तारीख. बोल्टवर विंचेस्टरचा डब्ल्यू. स्लाइडवरच्या खुणेच्या शेवटी क्वालिटीचा क्यू. चापाच्या पेटीवर सॅजिनॉच्या ग्रँड रॅपिड्स कारखान्याची खूण, म्हणजे ज्या कारखान्यात अर्विन-पेडरसनला अपयश आले होते तोच. दस्त्यात खांद्याचा पट्टा अडकवायच्या खाचेत ओआय, म्हणजे ओव्हरटन या लाकूडकाम करणाऱ्या कंपनीने इनलँडसाठी बनवलेला. हातात घेतले तर अडीच किलोही न भरणाऱ्या त्या वस्तूत ज्यूकबॉक्स, टाइपरायटर, स्टिअरिंग आणि हार्डवेअर बनवणारे एकत्र आलेले होते. मी बराच वेळ काही बोललो नाही.

दस्त्याच्या बाजूला शस्त्रागाराची चौकोनी मोहोर होती. नातवाच्या घासणीने तिचा डावा भाग पुसट झाला होता. मोहोरेतल्या दोन ‘ए’ अक्षरांपैकी एकच पूर्ण वाचता येत होते. ऑगस्टा शस्त्रागाराची ती मोहोर असावी, पण अर्ध्या अक्षरावरून खात्रीने सांगता येत नव्हते.

म्हणजे अडचण तिहेरी होती. कुटुंबाला पैशाची खरी गरज होती. व्यापाऱ्याने दाखवलेला मार्ग बाजारात सर्रास वापरला जातो आणि तो बेकायदा नाही. आणि एक पुरावा घरातच, सद्हेतूने, पुसला गेला होता.

आधी कायद्याची बाजू

पर्यायांकडे जाण्यापूर्वी एक शंका फेडणे भाग होते. दस्त्यात डाव्या बाजूला, रिसीव्हरलगत, लाकडात एक जादा खाच होती. ही खाच एम-२ या स्वयंचलित कार्बाइनच्या निवडखटक्यासाठी, म्हणजे एकेक गोळी की सलग मारा हे निवडायच्या खटक्यासाठी, असते. मुलीने हे कुठेतरी वाचले होते आणि वडिलांच्या पलंगाखाली ६० वर्षे मशिनगन होती की काय, या विचाराने ती हबकली होती. एम-२चे भाग बसवलेली कार्बाइन अमेरिकी कायद्याने मशिनगन ठरते, म्हणून तिची भीती अस्थानी नव्हती. पण नंतरच्या काळातले दस्ते दोन्ही प्रकारांना चालतील असेच कापले जात आणि शस्त्रागारांनी ते एम-१वर सरसकट बसवले. केवळ लाकडातल्या खाचेने काही होत नाही, आत धातूचे काय आहे ते महत्त्वाचे. आम्ही स्वतः निष्कर्ष न काढता परवानाधारक गनस्मिथला दाखवले. त्याने खोलून पाहिले, निवडखटका किंवा त्याच्याशी जोडलेला एकही भाग आत नव्हता, आणि तसे त्याने लिहून दिले. वारसाहक्काने शस्त्र दुसऱ्या राज्यात जाण्याविषयी इस्टेटचे काम पाहणाऱ्या वकिलाचा सल्ला घेतला. यात दहा दिवस गेले. मुलीला शांत झोप लागली, एवढ्यासाठीही ते दहा दिवस योग्य होते.

पर्याय

पहिला पर्याय व्यापाऱ्याचा, म्हणजे भाग बदलून कार्बाइन १९४३ मध्ये कारखान्यातून निघाली असेल तशी करण्याचा. याच्या बाजूने बोलायचे तर अशा कार्बाइनला गिऱ्हाईक लवकर मिळते, आणि काचेच्या कपाटात ती शोभून दिसते. पण हिशेब मांडला तेव्हा चित्र बदलले. रॉक-ओलाची खूण असलेला प्रत्येक भाग दुर्मिळ म्हणून महाग. नळी न बदलता केवळ इतर भाग घ्यायचे म्हटले तरी ६५० डॉलरच्या पुढे खर्च जात होता, आणि अंडरवुडची नळी तशीच राहिल्याने जाणकार गिऱ्हाईक पहिल्या मिनिटात ओळखणार होते. म्हणजे व्यापाऱ्याने सांगितलेल्या जादा ८०० डॉलरपैकी फार थोडे कुटुंबाच्या हाती उरले असते, आणि काढलेले भाग, जे इतर कोणाच्या तरी ‘दुरुस्ती’ला उपयोगी पडतात, ते व्यापाऱ्याकडेच राहिले असते.

पैशाचा हिशेब बाजूला ठेवला तरी माझा या पर्यायाला विरोध होता, आणि तो मी कुटुंबापुढे स्पष्टपणे मांडला. १९४३ मध्ये या विशिष्ट क्रमांकाच्या कार्बाइनवर कोणती नळी आणि कोणता दस्ता होता याची नोंद कोणाकडेही नाही. आपण रॉक-ओलाचे भाग जमवून बसवले तर जी कार्बाइन तयार होईल ती त्यापूर्वी कधी अस्तित्वात नव्हती. आज टेबलावर जी आहे ती मात्र खरोखर अस्तित्वात आहे. युद्धात बनली, शस्त्रागारात खोलली गेली, सुधारून पुन्हा जोडली गेली, आणि २० डॉलरला एका तरुण टूलमेकरच्या दारात पोहोचली. तिच्यावरची सरकती साइट आणि संगीनेची बैठक हा डाग नाही, तो तिच्या आयुष्यातला एक टप्पा आहे. आणि भाग मिसळलेले असणे हे तर या शस्त्राच्या मूळ कल्पनेतच होते. ज्यूकबॉक्सच्या कारखान्याला बंदूक बनवता आली ती टाइपरायटरवाल्याचा भाग तिच्यात अचूक बसत होता म्हणूनच.

दुसरा पर्याय, आहे तशी, पण कागदपत्रांसह विकण्याचा. तिसरा, संग्रहालयाला देण्याचा. मालकांच्या पत्नीला हा मनापासून आवडला होता, पण छपराचा खर्च समोर होता, आणि या प्रकारच्या कार्बाइन संग्रहालयांकडे आधीच असतात. चौथा, नातवासाठी ठेवून देण्याचा. त्याची इच्छा होती, पण त्याला राहायला स्वतःची जागा नव्हती आणि सुरक्षित कपाटाची सोय नव्हती. त्याच्या आईने तो पर्याय एका वाक्यात मिटवला, आणि मला वाटते बरोबर केले.

नव्या दस्त्याची परीक्षा

तरीही नातवाचा विसार दिलेला होता, म्हणून आम्ही दोघे तो दस्ता पाहायला गेलो. हा या प्रकरणातला निर्णायक क्षण ठरला, त्यामुळे तो तपशिलाने सांगतो.

अक्रोडाच्या लाकडाचा जुना, गडद दस्ता होता. पट्ट्याच्या खाचेत आरएमसी अशी रॉक-ओलाची अक्षरे होती, ठळक आणि सरळ. विक्रेत्याच्या परवानगीने मी भिंग आणि छोटी बॅटरी काढली. खाचेच्या तळाचे लाकूड तेल, घाम आणि धुळीने जवळजवळ काळे झालेले होते, पण अक्षरांच्या आतल्या भिंती फिक्या तपकिरी होत्या. ठोकताना दबलेले लाकडाचे तंतू कडेला उभे राहिले होते आणि बोटाला खरखर लागत होते. ८० वर्षे तेल पीत आलेल्या लाकडात खूणही तेवढीच जुनी असेल तर तिचा तळ भोवतालच्या रंगाशी एकरूप झालेला असतो आणि कडा झिजून गोल झालेल्या असतात. शिवाय खाचेत एका कोपऱ्यात पूर्वीची एक खूण घासून काढल्याचा उथळ खड्डा होता. दस्ता जुना होता, पण अक्षरे नवी होती.

मी विक्रेत्यावर आरोप केला नाही, कारण त्यालाही तो तसाच मिळालेला असू शकतो. नातवाला भिंग दिले आणि काहीही न सांगता पाहायला लावले. पाच मिनिटांनी तो म्हणाला, “काका, अक्षरं लाकडापेक्षा तरुण आहेत.” आमची भाषा इंग्रजी, पण माझ्या मुलांच्या तोंडून ऐकून तो मला काकाच म्हणतो. त्याने विसार परत मागितला. ६० डॉलर मिळाले, २० गेले.

परतीच्या वाटेवर त्याने विचारले की आपणही भाग बदलून विकले असते तर पुढच्या माणसाला काय वाटले असते. भाग बदलले आहेत असे सांगून विकले तर त्यात फसवणूक नाही, हे मी त्याला सांगितले. पण सांगणारा माणूस वस्तूबरोबर जात नाही, हेही सांगितले. दुसऱ्या-तिसऱ्या मालकापर्यंत ती ‘मूळ रॉक-ओला’ म्हणूनच पोहोचते.

कृती

कुटुंबाने दुसरा पर्याय निवडला. त्यानंतर आम्ही पुढील कामे केली.

प्रत्येक खुणेचे छायाचित्र मोजपट्टीसह घेतले, एकदा सरळ उजेडात आणि एकदा तिरप्या. मागची साइट ठोकून काढली की खालचे पूर्ण नाव दिसले असते आणि विक्रीला त्याचा उपयोग झाला असता, पण साइट बसवताना शस्त्रागाराने तिच्या कडेला पोगरने मारलेले टोचे शाबूत होते. ते एकदा मोडले की साइट कधी बसवली गेली याची साक्ष जाते. म्हणून ती काढली नाही, आणि अर्धवट दिसणाऱ्या अक्षरांचेच चित्र घेतले.

पावतीवरचा क्रमांक रिसीव्हरवरच्या क्रमांकाशी जुळला. पण पावतीवर भागांचा उल्लेख नाही. १९६३ मध्ये कार्बाइन ज्या रूपात आली त्याच रूपात आज आहे, हे त्यावरून सिद्ध होत नव्हते. मालकांच्या पत्नीने तीन दिवस जुने अल्बम काढले आणि एक कृष्णधवल छायाचित्र शोधून दिले. त्यात तरुण मालक एका शेताच्या कडेला उभे आहेत आणि त्यांच्या हातातल्या कार्बाइनला जाड दस्ता आणि नळीखाली संगीनेची बैठक स्पष्ट दिसते. मागे त्यांच्याच अक्षरात साल लिहिलेले होते, १९६५. भाग कोणत्या कंपनीचे हे चित्रातून कळत नाही, पण रूप तेच आहे एवढे नक्की.

दस्त्याला पुढे काहीही लावले नाही. पुसट मोहोर गडद करण्यासाठी रंग किंवा मेण भरण्याचा सल्ला एकाने दिला होता, तो नाकारला. दोन पानी टिपण तयार केले. त्यात नातवाने दस्ता घासल्याचा उल्लेख तारखेसह लिहिला. मुलीला तो वगळावासा वाटत होता, कारण किंमत पडेल अशी तिची भीती होती. नातूच म्हणाला की लिहा. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय त्याने घेतला.

निष्पत्ती

परवानाधारक व्यापाऱ्यामार्फत, पार्श्वभूमी तपासणीसह, ओहायोतल्याच एका संग्राहकाने कार्बाइन १,३०० डॉलरला घेतली. भाग बदलून मिळू शकतील असे सांगितलेल्या रकमेपेक्षा हे ४०० डॉलर कमी, आणि आधीच्या प्रस्तावापेक्षा ४०० डॉलर जास्त. भागांचा खर्च वजा केला तर कुटुंबाच्या हाती पहिल्या पर्यायापेक्षा अधिक पैसे आले. खरेदीदाराने घासल्याची नोंद वाचून किंमत कमी केली नाही. बाकीच्या नोंदींवर विश्वास ठेवावासा वाटला तो त्या नोंदीमुळेच, असे त्यांनी मुलीला कळवले. मूळ पावती कार्बाइनसोबत गेली, शेतावरचे छायाचित्र घरातच राहिले आणि त्याची प्रत गेली. नातवाने गमावलेले २० डॉलर आजीने भरून दिले नाहीत.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट क्रमाची. शस्त्र रिकामे असल्याची खात्री झाल्यावर लगेच, तेलाचा एक थेंबही लावण्यापूर्वी, छायाचित्रे घ्यायला हवी होती. नातवाने घासणी हाती घेतली त्या संध्याकाळी त्याच्या खिशात उत्तम कॅमेरा असलेला फोन होता. मोहोरेचा गेलेला अर्धा भाग आता कोणत्याही उपायाने परत येणार नाही, आणि ती ऑगस्टाची होती की नाही हा प्रश्न कायमचा उघडा राहिला.

दुसरे, आम्ही एकाच व्यापाऱ्याचा अंदाज धरून बराच काळ विचार करत राहिलो. आहे त्या स्थितीतल्या कार्बाइनमध्ये रस असणारे संग्राहक वेगळे असतात आणि ते वेगळ्या ठिकाणी भेटतात. दोन-तीन जणांचे मत सुरुवातीलाच घेतले असते तर भाग बदलण्याचा मोह घरात एवढा रुजला नसता.

मागच्या साइटविषयीच्या निर्णयावर मी आजही पूर्ण निश्चिंत नाही. अर्विन-पेडरसन किंवा रॉक-ओलासारख्या महाग नावांच्या बाबतीत नावाचीही नक्कल होते, आणि पूर्ण नाव उघडे करून पाहिले असते तर खरेदीदाराची ती शंका कायमची फिटली असती. आम्ही टोचे वाचवले आणि नाव अर्धे ठेवले. क्रमांक आणि अक्षरांची ठेवण जुळत असल्याने ते चालून गेले. पावती नसती तर मी उलटा निर्णय घेतला असता.

शेवटचे माझ्या वाट्याचे आहे. त्या घरी मी २२ वर्षे जात होतो. कार्बाइन पलंगाखाली आहे हे मला माहीत होते, आणि मालकांना सुटे भाग, मापे आणि कारखाने यांविषयी तासन्‌तास बोलायला आवडे. १९६३ मध्ये पार्सल उघडले तेव्हा दस्ता कसा होता, मोहोर वाचता येत होती का, मधल्या काळात त्यांनी काही बदलले का, या तीन प्रश्नांची उत्तरे एका दुपारी, त्यांच्याच तोंडून, तारखेसह लिहून घेता आली असती. आमच्या टिपणात त्या जागी आता १९६५ चे एक छायाचित्र आहे आणि खाली ‘बाकी माहिती उपलब्ध नाही’ अशी ओळ आहे.